वजनदार खलाशी

साडूभाऊंनी मला शिडाच्या बोटीवर नेलं ते खलाशी म्हणून नव्हे, वजन म्हणून. वारा भरला की छोटी बोट कलते. मग एकानं वरच्या काठावर बसून अंग बाहेर झोकायचं असतं. आमच्या अख्ख्या सासुरवाडीत या कामाला माझ्याइतका लायक माणूस नाही. मला पोहता येत नाही, हेही त्यांना सोयीचंच वाटलं. "म्हणजे मधेच उडी मारून पळणार नाही तुम्ही!"

नांदेडला सचखंड गुरुद्वारा पाहिला, लंगरमध्ये वजनाची तयारी केली आणि विष्णुपुरीच्या जलाशयावर गेलो. मे महिना. उपसा होऊन होऊन गोदावरी खाली गेलेली, काळे खडक उघडे पडलेले. उघडे होते ते आम्ही चुकवले. एक वीतभर पाण्याखाली होता.

बोटीच्या पोटातल्या खाचेतून एक फळी खाली सोडतात. तीच आमची कील. ती खडकात अडकली, शीड बोटीला पुढं रेटत राहिलं, फळी खाचेत पिळली आणि तळाला तडा गेला. पाणी घोट्याशी आलं तेव्हा साडू मला इतिहास सांगत होते. इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटनला गोदावरीतून मालवाहतूक करायची होती. सिरोंच्याच्या पट्ट्यात खडक आडवे आले आणि 1871 मध्ये सरकारनं तो नाद सोडला. आम्हाला काठावर एका भोई मामांनी ओढून आणलं. इतिहास न सांगता.

नांदेडात बोटीचं गॅरेज सापडेना. कूलरच्या फायबर बॉड्या सांधणारा एक मिस्त्री लातूरला असल्याचं कळलं. बोट टेम्पोत उलटी घातली. अहमदपूरला चहाला थांबलो तर गर्दी जमली. "कोणत्या पक्षाचं चिन्ह हाय हे?"

मिस्त्रीनं बोट जुन्या टायरांवर पालथी ठेवली आणि बोटाच्या पेरांनी ठोकत निघाला. टणक आवाज आला की पुढं; बद्द आवाज आला की खडूची खूण. तडा दिसायला हातभर, खुणा जोडल्या तर परातीएवढं वर्तुळ. तेवढा भाग ग्राइंडरनं घासून कडा उतरत्या केल्या, जाडीच्या दहा-बारा पट रुंद. उभ्या कडेला फायबरची नवी मॅट धरत नाही.

ओल्या फायबरवर रेझिनही धरत नाही. दमट किनाऱ्यावर बोट वाळवणं म्हणजे आठवड्यांचं काम. लातूरच्या उन्हानं ते चहापाण्याच्या वेळात उरकलं! पण तेच ऊन रेझिनवर उलटलं. दोन टक्के हार्डनर घालून ढवळतोय तोवर डबा तापला, धूर निघाला आणि ब्रश आत उभाच्या उभा अडकला. मग पहाटे चारला उठून थरावर थर चढवले. साडू मात्र खुर्चीत बसून दिलीप दोंद्यांची गोष्ट सांगत होते. गोव्यात बांधलेल्या म्हादेई या शिडाच्या बोटीवरून ते एकटे जगाला फेरी मारून 2010 मध्ये परतले म्हणे. मिस्त्रीनं मान वर न करता विचारलं, "त्यांच्या बोटीवर वजनाला कोण होतं?" साडू गप्प झाले. मला तो मनुष्य एकदम आवडला.

काम झाल्यावर साडू म्हणाले, "आता आत पाणी भरून बघू, गळतं का."

"किती लागंल?"

"तीनेकशे लिटर."

मिस्त्रीनं हात पुसले. "साहेब, सोळा सालच्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ना, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, ते अख्ख्या गावासाठी. टाक्यांपाशी 144 कलम होतं. आमची माय रात्र-रात्र घागरीपाशी बसायची. बोटीत पाणी वतायचं काय म्हणायलाव?"

साडूंनी पुन्हा तो विषय काढला नाही. मीही बराच वेळ काही बोललो नाही.

रात्री बोटीच्या आत बल्ब लावून मिस्त्रीनं बाहेरून इंच-इंच न्याहाळलं. एका ठिकाणी टाचणीएवढा उजेड दिसला, तो बुजवला. मजुरी कूलरच्याच दरानं घेतली.

तेव्हा कुणाची बोट खडकावर चढलीच, तर मे महिन्यात लातूरला आणा. रेझिन पहाटेच कालवा, आणि पाण्यात सोडायचं धरण भरल्यावर बघा.