मामा काय बघतोय?

जळकोटात माणसाला स्वतःची आवड असते, फक्त ती कपड्यापर्यंत पोचत नाही. वाटेत तिला आत्या, मामी, दुकानदार आणि टेलरमास्तर गाठतात. (हे जळकोट तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं. लातूर जिल्ह्यातलं वेगळं. ते तालुक्याचं गाव आहे. हे सांगताना आमचा आवाज आपोआप उतरतो.)

लहानपणी दिवाळीला सगळ्या भावंडांना एकाच ताग्यातलं कापड यायचं. उरलेल्या तुकड्यांचे उशांचे अभ्रे व्हायचे. त्यामुळं दिवाळीच्या फोटोत भावंडं कुठं संपली आणि उशा कुठं सुरू झाल्या, ते नीट पाहावं लागतं. मास्तरांनी टेप लावला की वडील म्हणायचे, "वाढतं अंग हाय, जरा ढिलं ठेवा." मास्तर ऐकायचे. अंगाला शर्ट बरोबर बसायची वेळ आली की तो धाकट्याकडं जायचा, आणि धाकट्याचंही अंग वाढतंच असायचं. बेतशीर मापाचा शर्ट म्हणजे काय, हे आमच्या घरानं कॅलेंडरातच पाहिलं.

मोठेपणी आवड बाळगायची एकच संधी येते, ती म्हणजे लग्नाचा बस्ता. बस्ता बांधायचा तो सोलापुरात. १३ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यात शिरलेलं भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गावर आलं. आम्ही त्याच रस्त्यानं उलटे जातो, आणि आमची मोहीम त्या मोहिमेपेक्षा जास्त गोंगाटाची असते. जीपमध्ये दोन्हीकडच्या बायका, डबे, पोरं आणि मापाला म्हणून आणलेलं कुणाचं तरी जुनं ब्लाऊज. पैसे देणारे दोघे-तिघे मागच्या फाळक्याजवळ.

दुकानात चपला बाहेर काढून पांढऱ्या गादीवर बसलं की पहिला चहा येतो. तो प्यायला की उठून दुसऱ्या दुकानात जायचं तोंड राहत नाही. मग साड्यांचा ढीग पडायला लागतो. "काठ बारीक हाय." "ह्यातच जरा जांभळट दाखवा." "ह्यो रंग जाईल का?" दुकानदार शांतपणे सांगतो, "मावशी, साडी जाईल, रंग जाणार न्हाई," आणि त्यातला धोका कुणाच्याच लक्षात येत नाही. नवरीच्या शालूवर दुपार जाते. नवरदेवाचा सूट चहाचा कप खाली ठेवायच्या आत होतो. देण्याघेण्याच्या साड्यांना मात्र आधी किंमत विचारतात. रंग विचारायची पद्धत नाही.

आणि शेवटी, सगळे दमलेले असताना, पुरुषांचे शर्टपीस निघतात.

"मामाला कुठला टाकू?"

"कुठला बी टाका. मामा काय बघतोय?"

मी बऱ्याच जणांचा मामा आहे. माझं अख्खं कपाट या एका वाक्यातून भरलं आहे. बदामी म्हणावं तर बदामाचा अपमान, करडा म्हणावं तर करडईचा, असे रंग माझ्याकडं आहेत. त्यातही पीस आखूड निघतो. मास्तर कापड हातात धरून माझ्याकडं सहानुभूतीनं बघतात आणि म्हणतात, "हाफ बाही करू." फुल बाहीचा शर्ट आपल्याला शोभतो की नाही, याचा निकाल अजून लागायचा आहे.

शर्टपीस नसेल तर टॉवेल-टोपी. त्याला नाक मुरडू नये. सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पैठणीला ते अजून मिळायचं होतं. म्हणजे कायद्यानं टॉवेल मानकरी. मांडवात मात्र हे सांगून बघा. शिवाय ज्या सोलापुरात आम्ही चारचौघांहून वेगळं काहीतरी शोधत फिरतो, ते शहर देशभरच्या शाळांचे गणवेश शिवतं!

तरी मी हट्टाला पेटलो. लाल-पिवळा कुडता घालून स्टँडवर गेलो. पाच मिनिटांत चौघांनी विचारलं, "कुणाचं लगीन?" नसेल कुणाचं, तर माझंच दुसरं असावं, अशा नजरेनं पाचवा बघत होता. काळा शर्ट घातला तर शेजारच्या आजींनी दृष्ट कुणाची काढली ते विचारलं. मोबाइलवरून 'स्लिम फिट' मागवला. तो माझ्या मुलाला झाला, आणि त्याला तो आवडला नाही.

मग मास्तरांकडं पांढरंशुभ्र लिनन टाकलं, विकत घेतलेलं, भरपूर. कडक इस्त्री केली. आरशात पाहिलं आणि वाटलं, हाच आपला बाज. बाहेर पडलो तर हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. कोपऱ्यावरचा एक जण हळूच म्हणाला, "दादा, कुठल्या गटाकडनं?" मी नुसता हसलो, तर त्याचा अर्थ दोन्ही गटांनी आपापला लावला. पुढं एक म्हातारी "सायेब" म्हणून आडवी आली आणि घरकुलाचा अर्ज हातात देऊन गेली. नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत मागून बोअरवाला आला, त्याच्यामागून रस्त्यावरच्या दिव्यांची तक्रार आली.

सगळे कागद नीट मावले. मास्तरांनी खिसे मात्र ऐसपैस शिवले होते. मी सांगितलं नव्हतं, त्यांनी कापड बघूनच ओळखलं होतं.