उन्हाच्या खात्यावर

बाष्पीभवन हा शब्द शाळेच्या पुस्तकात भेटतो आणि परीक्षा संपली की तिथंच राहतो. अंबाजोगाईत मे महिन्याच्या दुपारी कुणी ‘आज बाष्पीभवन फार झालं बुवा’ म्हणालं, तर लोक त्याला पाणी पाजून सावलीत बसवतील. बोलताना आपलं एका शब्दावर भागत नाही. दूध आटतं, पिठलं आळतं, कपडे वाळतात, घाम सुकतो, स्पिरिट उडतं. विहीरही आटते, पण आटलेल्या दुधाची बासुंदी होते, आटलेल्या विहिरीचं फार तर निवडणुकीचं भाषण होतं. या सगळ्यांत माठ शहाणा. अंगावर पाझरलेलं थोडं पाणी तो वाऱ्याला देऊन टाकतो. ते जाताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं गार राहतं.

धरणाला असलं औदार्य परवडत नाही. अंबाजोगाई, केज आणि पार लातूर ज्याच्याकडे डोळे लावून असतात त्या धनेगावच्या मांजरा धरणातही पाणी पसरून उन्हात पडलेलं. धरणाच्या हिशेबात बाष्पीभवनाचं वेगळं खातं असतं आणि मला ते फार सोयीचं वाटतं. गळतीची चौकशी लागते, चोरून उपसा केला तर मोटार जप्त होते. सूर्याला नोटीस कोण बजावणार? 2016 साली धरण कोरडं पडलं. 12 एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून रेल्वे लातूरला आली. तेव्हा ऊन किती प्यालं आणि ऊस किती, यावर टपऱ्याटपऱ्यांवर तोंडाची बरीच वाफ दवडली गेली. उसाच्या पानांतून पाणी जातं त्याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. साखर कारखान्याच्या फाटकावर मात्र हा शब्द कुणी रंगवलेला पाहिला नाही.

वेधशाळेचा हिशेब चोख. चार फूट व्यासाच्या पसरट पात्रात पाणी भरायचं आणि रोज किती उतरलं ते मोजायचं. वर तारेची जाळी, म्हणजे चिमणीनं प्यालेलं पाणी सूर्याच्या नावावर पडायला नको. धरणावर बसेल एवढी जाळी अजून कुणी विणलेली नाही.

याच अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी सुमारे 40 फूट लांब पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिलं. पंचमहाभूतं एकमेकांत कशी मिसळतात, त्याचा विचार त्यात आहे. ओळ पुरी होईतो मागच्या शब्दांतलं पाणी वाऱ्यात गेलेलं असणार. जल आणि वायूचा प्रयोग बोरूखालीच चालला होता म्हणायचा!

आणि पाणी उडावं म्हणून वाट पाहणारेही इथंच आहेत. मृगाचा चांगला पाऊस झाला की दुसऱ्या दिवसापासून बांधावर एकच विचारणा, “वापसा आला का?” जास्तीची ओल निघून जायला हवी, पण सगळी नको. माती मुठीत दाबून लाडू वळायचा आणि खाली सोडायचा. फुटला तर तिफण काढायची. पचकन बसला तर घरी जाऊन आणखी एक चहा.