हात धरा, बर्फ आहे!

मुलगी शिकागोला नोकरीला लागल्यापासून हिला तिच्याकडे जायचं होतं आणि मला उन्हाळ्यात जायचं होतं. वाशीमचा मे महिना 43-44 अंशांवर रेंगाळतो, तेव्हा गाव सोडण्यात काही अर्थ असतो. पण जावयाची रजा, विमानाचे दर आणि हिचं पंचांग यांनी संगनमत करून डिसेंबर ठरवला. तिकडे उणे अठरा असतं हे कळल्यावर मी स्वेटरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, आपला स्वेटर अधिक दहापर्यंत चालते. उण्याची गॅरंटी नाही."

शिकागोत घरमालकांसाठी कायदाच आहे. 15 सप्टेंबर ते 1 जून या काळात भाड्याच्या घरात दिवसा किमान 20 अंश ऊब ठेवावीच लागते. हिने ताबडतोब वाशीमसाठी पोटकलम सुचवलं : एप्रिल-मे मध्ये घरमालकाने भाडेकरूच्या कूलरमध्ये पाणी भरून द्यावं.

घरात वीस, बाहेर उणे अठरा. म्हणजे उंबरठा ओलांडला की अडतीस अंशांचा फरक. त्यामुळे दूध आणायला निघायचं तरी आधी अंगावर थर चढवावे लागत. थर्मल, शर्ट, स्वेटर, कोट, दोन मोजे, बूट. शेवटचा हातमोजा चढेपर्यंत आतल्या थराला घाम फुटलेला असे. हातमोजे घातले की स्वतःच्या कोटाची चेन स्वतःला लावता येत नाही, म्हणून मी तिची लावायची आणि तिने माझा मफलर बांधायचा. लग्नात हार घातले त्यानंतर एकमेकांच्या गळ्यापर्यंत आमचे हात प्रथमच पोचत होते.

साडी मात्र सोडणार नाही, असं हिने जाहीर केलं. आनंदीबाई जोशींनी 1883 ते 1886 फिलाडेल्फियाचे हिवाळे साडीत काढले, हा पुरावा. मी प्रतिपुरावा दिला : नऊवारीत पाय उघडे राहतात म्हणून आनंदीबाईंनीही तिकडे गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली होती.

"पण साडीच नेसल्या ना?"

खटला निकाली निघाला. साडी, साडीच्या आत जावयाची ट्रॅक पँट आणि वरून घोट्यापर्यंत कोट. बाहेरून साडीचा काठसुद्धा दिसत नव्हता. तरी हिचं समाधान होतं, "मले माहीत हाय ना, आत हाय."

पहिला मोठा बर्फ पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर नगरपालिकेच्या गाड्या मीठ फेकत निघाल्या. खिडकीतून ही बघत होती. "एवढं मीठ? कोणाची दृष्ट काढून राह्यले?" बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, हे शास्त्रीय कारण तिला दृष्टीपेक्षा कमी पटलं.

खरी गंमत गाड्यांची. रस्त्याकडेला उभी केलेली गाडी रात्रीतून बर्फात गडप होते. सकाळी मालक फावड्याने तासभर उकरून ती बाहेर काढतो आणि कामावर जाताना मोकळ्या झालेल्या जागेत घरातली खुर्ची आणून ठेवतो. संध्याकाळपर्यंत जागा त्याची. खुर्ची नसेल तर बादली, नाहीतर इस्त्रीचं टेबल. कायद्यात याला आधार नाही, पण खुर्ची हलवायची कोणाची छातीही नाही. वाशीम स्टँडवर अकोला गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकतात, तेच हे. हिला शहर तिथेच आवडलं. 26 जानेवारी 1967 ला सुरू झालेल्या वादळात इथे 23 इंच बर्फ पडला होता, असं जावयाने सांगितल्यावर ही हळहळली, "अगबाई! झेंडावंदनाच्या दिवशी?"

आता मुख्य विषय, चालणं. वाशीमला आम्ही नवरा-बायको बाजारात निघालो की मी दहा पावलं पुढे असतो, ही मागे. आमच्या पिढीत याला संसार म्हणतात. शिकागोच्या फुटपाथवर तो मोडला. तिथे काही ठिकाणी बर्फाचा थर इतका पातळ आणि पारदर्शक असतो की दिसतच नाही. पाय पडल्यावरच कळतं, आणि तोवर पाय स्वतंत्र झालेला असतो. मुलीने दम दिला, "एकमेकांचा हात धरल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. फ्रॅक्चर विम्यात बसेल की नाही, मला माहीत नाही." अशा रीतीने उतारवयात आम्ही भर रस्त्यात हातात हात घालून फिरू लागलो. प्रेमाला जे जमलं नव्हतं ते विम्याच्या शंकेने केलं.

डेव्हॉन ॲव्हेन्यूवर देशी दुकानांची रांग आहे. एका पट्ट्याला गांधींचं नावही दिलंय. तुरीची डाळ डॉलरमध्ये पाहून ही पाकिटावरून हात फिरवत राहिली. बाहेर पडलो तोच पलीकडून फोनवर आवाज आला, "अबे, तुले सांगतलं होतं ना!" वऱ्हाडी बोल कानावर पडताच हिने झटक्यात माझा हात सोडला आणि कोटाची टोपी पदरासारखी पुढे ओढली. मी आडवा.

फोनवाल्या तरुणानेच मला उठवलं. "कुठले काका?"

"वाशीम."

"अरे बाप्पा! मी मूर्तिजापूरचा. काकू, इथं काकांचा हात सोडत नका जाऊ."

"कोनी पाह्यलं तं?" काकूंनी विचारलं.

जानेवारीत आम्ही दोघंच सेंट पॉलला निघालो. 2024 मध्ये सुरू झालेली बोरियालिस नावाची गाडी शिकागोहून तिथे साडेसात तासांत नेते. युनियन स्टेशन सोडून थोडं पुढे गेलो आणि ही ओरडली, "अवो, रूळ पेटले!" खरंच, सांध्यांजवळ रुळालगत ज्वाळा नाचत होत्या. साखळी ओढायला वर पाहिलं, तर साखळीच नव्हती. शेजारच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की सांधे गोठून अडकू नयेत म्हणून रेल्वेवाले तिथे मुद्दाम गॅस पेटवतात. "रुळाले शेकोटी करतात," ही म्हणाली, "मंग माणसानं काय पाप केलं?"

सेंट पॉलची गोष्ट तर वाशीमने घ्यावी अशी. 1885 मध्ये न्यूयॉर्कच्या एका बातमीदाराने लिहिलं की हे गाव हिवाळ्यात माणसांनी राहण्याच्या लायकीचं नाही. गावाने निषेधाचा ठराव करण्यात वेळ घालवला नाही. 1886 मध्ये बर्फाचा महाल बांधून हिवाळी उत्सवच सुरू केला. हे कळल्यापासून मी मे महिन्यात वाशीम ऊन महोत्सव भरवण्याच्या विचारात आहे. उद्घाटक मिळत नाही.

जावयाचा मित्र आम्हाला व्हाइट बेअर लेक नावाच्या तळ्यावर घेऊन गेला. तळं गोठलेलं, त्यावर झोपड्या आणि झोपड्यांत माणसं बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलेली. चार इंच चांगला बर्फ असला की माणूस चालू शकतो, असं मित्र म्हणाला.

"आधी तुम्ही जा," ही म्हणाली.

मी बुडत नाही असं पाहून तिने माझा हात धरला आणि पाऊल टाकलं. एका झोपडीत आमच्याच वयाचं जोडपं भोकाकडे टक लावून बसलं होतं. आम्ही बराच वेळ उभे होतो, तेवढ्यात दोघं एक शब्द बोलले नाहीत. परतताना ही म्हणाली, "पाह्यलं? चाळीस वर्षं नवऱ्याकडं पाहून झाल्यावर बाईले भोक बरं वाटते."

तळ्याच्या मधोमध मात्र तिने विचारलं, "घरी गेल्यावर पाटणी चौकातून असाच हात धरसान काय?"

"तिथं बर्फ कुठे आहे?"

"खड्डे हायेत ना!"