विलायतेतला कार्डाचा वांधा

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या अंगणांच्या मध्ये तुराट्यांचा कूड आहे. दरवर्षी तूर निघाली की तो नवा बांधायचं ठरतं आणि दरवर्षी जुन्यालाच चार तुराट्या खोचून भागतं. मधोमध एक भगदाड आहे. मांजर, कढीपत्ता, वाटीभर साखर आणि गावातल्या बातम्या तिथूनच ये-जा करतात. 2026 च्या संक्रांतीच्या दिवशी त्या भगदाडातून थेट लंडन आलं.

इकडे अकोला-अमरावतीत महापालिकेचं मतदान दुसऱ्या दिवसावर आलेलं, त्यामुळे आमच्या कामरगावच्या चौकात तोच विषय. मी पेपर घेऊन उन्हाला बसलो होतो. काकू सुपात तीळ घेऊन कुडाशी आल्या.

"गुरुजी, नातवाचा फोन आल्ता. विलायतेच्या सरकारनं म्हणे कारडाचा हेका सोडला. कोन्तं कारड बाप्पा?"

काकूंचा लेकीकडचा नातू बर्मिंगहॅमला शिकतो. त्यामुळे कारंज्याच्या बाजारभावाइतकाच तिकडच्या पार्लमेंटचाही हिशेब काकूंना हवा असतो.

मी सांगितलं, "काकू, आपलं आधार आहे ना, तसलंच काहीतरी तिकडे आणणार होते. पंतप्रधान स्टार्मर यांनी 2025 च्या सप्टेंबरात जाहीर केलं की मोबाइलमधलं ओळखपत्र असल्याशिवाय कुणाला नोकरी धरता येणार नाही. ऑक्टोबरात मुंबईत आले तेव्हा आधार उभं करणाऱ्या नंदन निलेकणींनाही भेटून गेले."

"मंग?"

"मग काय, लोक बिथरले. पार्लमेंटकडे विरोधाचा अर्ज गेला, त्यावर तीस लाखांच्या घरात सह्या झाल्या. हुजूर पक्ष विरोधात, लिबरल विरोधात, स्थलांतरविरोधी नेते फराज यांचा पक्षही विरोधात. शेवटी काल सरकारनं सक्ती मागं घेतली. नोकरी देताना तपासणी ऑनलाइन होईल, पण हेच कार्ड दाखवा असं नाही."

काकूंचा हात तिळात थांबला. "म्हंजे आजवर त्याईच्याकडं कारडच नाई? गोऱ्यायकडं?"

"नाही. ज्याला परदेशी जायचं त्याच्याकडे पासपोर्ट, ज्याला गाडी हाकायची त्याच्याकडे लायसन. नाहीतर विजेचं नाहीतर गॅसचं बिल दाखवायचं. इंग्लंडात मत द्यायला फोटोचं ओळखपत्र लागायला 2023 साल उजाडलं. तिथंही म्हाताऱ्यांचा बसचा पास चालतो."

"अन् आमच्या नातवाले?"

इथं खरी गंमत होती. परदेशातून आलेल्यांची जुनी कार्डं तिकडे आधीच बंद झाली, आता त्यांचा व्हिसाच ऑनलाइन असतो. काम धरायचं तर संकेतस्थळावरून एक कोड काढून मालकाला द्यायचा. म्हणजे जी गोष्ट आपल्यावर लादू नका म्हणून गोरे भांडत होते, ती आपल्या पोराच्या अंगवळणी पडून गेली होती. काकू एवढंच म्हणाल्या, "पावन्याले पहिले वाढते, तसं झालं हे."

"पण त्याईले एवढा राग काऊन? कारड त कारड."

मग मला जुनी गोष्ट काढावी लागली. 1939 मध्ये महायुद्ध लागलं तेव्हा ब्रिटनमध्ये घरटी सगळ्यांना ओळखपत्र दिलं होतं. सांगितलं काय, तर लढाईपुरतं. लढाई 1945 ला संपली, कार्ड राहिलं. सुरुवातीला मोजक्या तीन कामांसाठी होतं, पुढे पुढे 39 सरकारी खाती ते मागू लागली. 1950 च्या डिसेंबरात लंडनच्या फिंचले भागात विलकॉक नावाच्या एका गाडीवाल्याला पोलिसानं अडवलं आणि कार्ड मागितलं. त्यानं साफ नाही म्हटलं. खटला वरच्या न्यायालयापर्यंत गेला. कायद्यानं तो दोषी ठरला, पण शिक्षा काही झाली नाही, आणि न्यायाधीशांनी उलट सरकारलाच सुनावलं की युद्धासाठी केलेला कायदा शांततेत असा वापरू नये. 1952 च्या फेब्रुवारीत ती कार्डं बंद झाली.

"एका मानसानं नाई म्हटलं अन् साऱ्यायचं कारड गेलं?"

"तसं एकट्यानं नाही, पण त्यानं विषयाला तोंड फोडलं."

"भलता खमका निंगाला," काकू म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे मोठं प्रशस्तिपत्रक समजावं. गेल्या दहा वर्षांत ते फक्त ग्रामपंचायतीच्या एका जुन्या शिपायाला मिळालं आहे.

मी पुढं सांगितलं की 2006 मध्ये टोनी ब्लेअर यांच्या सरकारनं पुन्हा कार्डाचा कायदा केला आणि 2010 मध्ये नवीन सरकारनं तो रद्द केला. नुसता रद्द नाही. जमवलेली माहिती ज्या डिस्कवर होती, त्या डिस्का 2011 मध्ये यंत्रात घालून भुगा केल्या. मंत्री स्वतः हजर. आणि जुळून आलं पाहा: ज्या 2010 मध्ये लंडननं कार्ड मोडीत काढलं, त्याच वर्षी 29 सप्टेंबरला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी येऊन देशातले पहिले आधार क्रमांक देऊन गेले. पहिला नंबर महाराष्ट्रातल्या एका खेड्यातल्या बाईचा.

"मंग एकदा फोडलेलं मडकं विलायतवाले पुन्हा कायले घडवू रायले?"

"बोटींमुळे. समुद्र ओलांडून छोट्या बोटींतून माणसं येतात. 2025 मध्ये चाळीस हजारांवर आली. फराज त्यावरून रान उठवतात. 2024 च्या निवडणुकीत त्यांना पाचच जागा होत्या, पण 2025 च्या स्थानिक निवडणुकांत त्यांनी स्टार्मर यांचा मजूर पक्ष आणि हुजूर पक्ष दोघांनाही घाम फोडला. म्हणून स्टार्मर यांना काहीतरी करून दाखवायचं होतं. कार्ड नसेल तर चोरून काम मिळणार नाही, काम नसेल तर लोक येणार नाहीत, असं गणित."

"चोर मालक कारड पाह्यते काय?" काकूंनी विचारलं. "ज्याले रोजी पाडून द्यायची तो बिनकारडाचाच गडी ठेवते." लंडनच्या वर्तमानपत्रांत विरोधकांनी पानंच्या पानं भरून हेच लिहिलं होतं. काकूंचे तीळही तोवर निवडून झाले नव्हते.

पण मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, आपलं मात्र आधारानं भलंच झालं ना? पैसा सरळ खात्यात येतो."

काकूंनी सूप खाली ठेवलं, घरात गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतून आधार काढून आणलं. चार घड्या पडलेलं, कोपऱ्यावर हळदीचा डाग.

"वाचा."

वाचलं. जन्मतारीख 01/01/1952.

"माहा भाऊ गांधीजी गेले त्या साली झाला. मी त्याच्या पाठची, दोन वर्सानं. आता हिशेब करा."

हिशेब सोपा होता. 1950. शहात्तर वर्षं. पण 2012 मध्ये शाळेत आधारचा कॅम्प लागला तेव्हा नोंदणी करणाऱ्या पोरानं विचारलं, आजी वय किती? काकू म्हणाल्या, असतील साठ. त्यानं 2012 मधून साठ वजा केले आणि 1 जानेवारी टाकून दिली. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस 1 जानेवारीलाच येतो, तो यामुळं. वाढदिवसाचं एक वेळ ठीक. पण एसटीत 75 वर्षांवरच्यांना प्रवास फुकट आहे आणि कंडक्टर आधार पाहतो. काकू कागदावर चौऱ्याहत्तर वर्षांच्या. म्हणून कामरगाव ते कारंजा अर्धं तिकीट काढतात. दुरुस्ती करावी तर जन्मतारखेचा पुरावा हवा, आणि काकूंच्या जन्माची नोंद त्यांच्या आईच्या आठवणीपलीकडे कुठंच नाही.

"अन् हे पाहा," म्हणत त्यांनी अंगठा पुढं केला. पन्नास वर्षं कापूस वेचलेला अंगठा. बोंडाच्या काट्यांनी चिरलेला, रेषा अशी एकही धड नाही. "रेशनच्या मशीनले हा समजतच नाई. गेल्या महिन्यात तीन खेपा मारल्या. चवथ्या खेपेले लागला."

मी विचार केला, विलकॉकनं कार्ड दाखवायला नकार दिला तेव्हा न्यायाधीशांनी सरकारला सुनावलं. काकू तर कार्ड दाखवायला तयार आहेत, अंगठाही द्यायला तयार आहेत, आणि मशीन म्हणतं तुम्ही तुम्ही नाही. ह्या भांडणासाठी कुठल्या न्यायालयात जावं?

खरं म्हणजे न्यायालयात हा प्रश्न गेलाच होता. 26 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं आधार कायम ठेवलं, पण बँक खातं आणि मोबाइलचं सिम यांच्यासाठी सक्ती नको म्हटलं. त्याच्याही आधी, 2017 च्या ऑक्टोबरात केंद्रानं राज्यांना लेखी कळवलं होतं की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्या कारणावरून कुणाचं रेशन तोडू नका, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवून धान्य द्या, आणि तशी नोंद करा. हा कागद निघून आठ वर्षं झाली.

राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेचं उदाहरण ताजंच आहे. ई-केवायसीला नवऱ्याचं किंवा बापाचं आधार मागितलं. ज्यांचे दोघंही गेले त्या बायकांनी काय करायचं, हे ओरड झाल्यावर सरकारच्या लक्षात आलं. मग मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढली आणि विधवांना मृत्यूचा दाखला जोडायची सोय झाली. आमच्या गल्लीतल्या दोघी त्या दाखल्यासाठी सोंगणी सोडून तालुक्याला पळाल्या.

काकूंनी आधार पुन्हा पिशवीत घातलं. "मले कारड नको असं नाई गुरुजी. कारड हाय म्हणून पैसा दुसऱ्याच्या खिशात जात नाई, हे बी खरं. पन गोऱ्यायनं म्हटलं तसं एखादी येळ आपल्याले बी इचारायचं होतं न, तुमाले कसं पायजे म्हणून."

तेवढ्यात नातवाचा पुन्हा फोन आला. तिकडे पहाटेचे चार वाजले असावेत. काकू त्याच्यावर खेकसल्या की झोपत काऊन नाहीस, आणि लगेच विचारलं की संक्रांतीचा तिळगूळ तिकडे मिळतो का. पार्लमेंटचा विषय तिथंच संपला.

जाता जाता दोन गोष्टी. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्या आधारवरची जन्मतारीख आजच एकदा वाचून घ्या. आणि रेशनच्या दुकानात ठसा लागत नाही म्हणून परत पाठवलं, तर 2017 च्या त्या पत्राचं नाव काढा आणि दुसऱ्या मार्गानं ओळख पटवायला सांगा. पुढच्या महिन्यात काकूंबरोबर मी जाणार आहे.