सायकल दिली, साइडपट्टी द्या

शाळा भरायच्या वेळी वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही फाट्यावर दहा मिनिटं उभे राहा. दप्तर कॅरिअरला अडकवलेल्या, ओढणीला मागे गाठ मारलेल्या मुली सायकलवरून निघालेल्या दिसतील. मागून ट्रॅक्टर-ट्रॉली येते, तिच्यामागे हॉर्न दाबत एखादी ट्रॅव्हल्स. हॉर्न वाजला की मुली डांबरावरून खाली उतरतात. त्या जिथे उतरतात, ती साइडपट्टी. आजचं माझं सगळं म्हणणं त्या दोन-चार हातांच्या पट्टीबद्दल आहे.

दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो. रस्ता उंच होतो, कडेचा मुरूम तिथेच राहतो आणि पावसात वाहून आणखी खाली जातो. मग रस्त्याच्या कडेला पायरी तयार होते. ट्रकला ती कळतही नाही. सायकल खाली उतरली आणि परत वर चढायला गेली, की पुढचं चाक त्या कडेला घासतं, हँडल फिरतं आणि पोरगी आडवी होते. तीही गाड्यांच्या बाजूला. याला आपण ‘तोल गेला’ म्हणतो. तोल रस्त्याने घालवला, हे म्हणायला शिकलं पाहिजे.

ही सायकल तिला कुणी दिली? शासनाने. मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अर्थसाहाय्य मिळतं. २०२२ पासून ही रक्कम ५,००० रुपये आहे. योजना चांगली आहे, मनापासून सांगतो. सातवीनंतर घरी बसली असती अशी मुलगी त्या दोन चाकांवर दहावीपर्यंत पोहोचते. २०१८ मध्ये नीती आयोगाने ज्याला आकांक्षित जिल्हा म्हणून निवडलं, त्या वाशिममध्ये तर या सायकलचं मोल फार मोठं आहे. म्हणूनच विचारायचं, ज्याने सायकल दिली त्याने ती चालवायची जागा का दिली नाही?

वेग कसा वेगळा काढायचा, हे सरकारला कळत नाही असं मुळीच नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो. तिथे १२० च्या वेगाने गाड्या धावतात म्हणून कडेला कुंपण आहे आणि सायकलला बंदी आहे. ती योग्यच आहे. पण अकोल्याहून मालेगाव, वाशिम करत हिंगोलीकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गावांच्या आणि शाळांच्या अंगाला लागून जातो. तिथे सायकलला बंदी नाही, पुष्कळ ठिकाणी दुसरी वाटही नाही. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला, गाड्यांचा वेग वाढला. सायकलवाल्या मुलीच्या पायातली ताकद मात्र तेवढीच आहे.

आता कायद्याचं बघू. सायकल हे मोटार वाहन नाही, तिला परवाना लागत नाही, विमा लागत नाही. यावरून अनेकांनी परस्पर ठरवून टाकलं की तिला हक्कही नाही. हे साफ चूक आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनी प्रत्येक चालकावर पादचारी, सायकलस्वार, मुलं आणि वृद्ध यांची विशेष काळजी घेण्याचं बंधन घातलं आहे. हॉर्न वाजवून मुलीला मुरमात ढकलणं हा चालकाचा अधिकार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने पोटकलम १(अ) आलं. पादचारी आणि बिनयांत्रिक वाहनांसाठी राज्यांनी नियम करावेत, म्हणून ते आणलं. वर्षं गेली. शेवटी ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करायला सांगितलं. नियम मुंबईत होतील, पण ते आपल्या फाट्यावर दिसले पाहिजेत. त्याच कायद्याचं कलम १९८अ सांगतं की रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावातल्या अपघातानंतर हे कलम किती जणांनी उच्चारलेलं ऐकलंत?

अपघात झालाच, तर काय करायचं हे प्रत्येक आईबापाला पाठ हवं. आधी १०८ ला फोन. २०२५ च्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. सायकलस्वारालाही. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, तेव्हा बघत उभे राहू नका. गुन्हा नोंदवा, पंचनाम्यात रस्त्याच्या कडेची स्थिती लिहून घ्या, मोबाईलवर फोटो काढा.

गाडी धडक देऊन पळाली आणि सापडली नाही, म्हणून घरी रडत बसू नका. १ एप्रिल २०२२ पासून अशा प्रकरणात मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. अर्ज महसूल यंत्रणेकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा. गाडी सापडली असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जा. कायद्यात मुदत सहा महिन्यांची लिहिली आहे. तिच्यावर न्यायालयात वाद आहे, पण त्या वादाच्या भरवशावर थांबू नका. तेरवी झाली की वकील गाठा. ‘नशिबात होतं’ म्हणत आपण लेकरांचा हक्क सोडून देतो, तो सोडू नका.

आपल्या हातातलंही थोडं आहे. सोयाबीनच्या हंगामात अंधारात निघालेल्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो, साधी चमकपट्टीही नसते. डांबरावर धान्य वाळत घातलं की सायकलची उरलीसुरली कडही जाते. ट्रॉली आपली, धान्य आपलं आणि सायकलवरची पोरगीही आपलीच. शंभर-दोनशे रुपयांची चमकपट्टी ट्रॉलीला लावा, सायकलच्या मडगार्डलाही लावा.

आता मागणी. ती मोठी नाही. सायकली कुठल्या शाळेत वाटल्या आणि मुली कुठल्या गावाहून येतात, याची यादी शासनाकडे आधीच आहे. लाभार्थी ठरवताना घर ते शाळा हे अंतर मोजलेलं आहे. तेच अंतर रस्त्याच्या कामाचा नकाशा समजा. यादीतल्या प्रत्येक शाळेभोवतीच्या ५ किलोमीटरमध्ये साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणा, मुरूम दाबून घ्या, फाट्यावर वेग कमी करणाऱ्या पट्ट्या आणि फलक लावा. पुढच्या वेळी डांबराचं देयक काढताना कडेची पायरी बुजली का, हे मोजूनच सही करा. आणि सायकलच्या पैशांबरोबर वर सांगितलेली कायद्याची माहिती एका कागदावर छापून पालकांच्या हाती द्या.

मानव विकास कार्यक्रम, रस्ता सुरक्षा आणि धडक देऊन पळालेल्या गाडीची भरपाई, जिल्ह्यात हे तिन्ही विषय जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर येतात. तिथे आज सायकलच्या लाभार्थी यादीत असलेलं नाव उद्या भरपाईच्या अर्जावर येता कामा नये. त्यासाठी मधली फाईल आधी उघडा.