करंट कोण खातंय?

बंद पडलेल्या गाडीभोवती जमणाऱ्या माणसांचे दोन वर्ग असतात. पहिल्या वर्गाला गाडी सुरू व्हायला हवी असते. यात मालक, मालकाची बायको, मागच्या सीटवर नटूनथटून घामेजलेली मुलं आणि धक्का मारायला बाह्या सरसावून आलेला वॉचमन असे सगळे येतात. दुसऱ्या वर्गात एकच माणूस असतो. गाडी सुरू होण्याशी त्याला काही कर्तव्य नसतं. ती बंद का पडली हे कळेपर्यंत ती सुरू होऊ नये, एवढीच त्याची प्रामाणिक इच्छा असते.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हा दुसरा वर्ग तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याला सगळे मिलीकाका म्हणतात. कुणाच्याही गाडीचं नाव निघालं की काका आधी 'किती मिलिअँपिअर?' असं विचारतात, त्यावरून पोरांनी हे नाव पाडलं. पोरांना वाटलं होतं काका चिडतील. काकांनी ते सरकारी पदवीसारखं लावून घेतलं.

काकांची हयात टेलिफोन खात्यात गेली, आणि तीही एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये. दोन-दोन व्होल्टच्या चोवीस सेलची रांग, ४८ व्होल्ट, प्लसला अर्थ. घरची वीज गेली तरी तुमचा काळा फोन वाजायचा तो कुणाच्या जिवावर, असा प्रश्न ते लिफ्टमध्येही विचारतात. निवृत्तीनंतर रांगेतले सेल सुटले, पण हातातला मीटर सुटला नाही. लाल-काळ्या वायरी गळ्यात टाकून ते पार्किंगमध्ये उतरले की ज्यांची गाडी धडधाकट असते तेही जरा चपापतात.

डोंबिवली हे या माणसासाठी देवानेच नेमून दिलेलं गाव. इथला माणूस सोमवार ते शनिवार लोकलने जातो. गाडी कव्हर घालून पार्किंगमध्ये उभी. तिची आठवण रविवारी होते, तीही सहकुटुंब. बदलापूरची मुंज, कल्याणची सासुरवाडी, टिटवाळ्याचा गणपती. किल्ली फिरते आणि बोनेटखालून 'टकटकटकटक' असा आवाज येतो. तो आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचं तसं काही कारण नाही. पण जातो.

"थांबा, थांबा! परत सेल्फ मारू नका!" काका जिन्यातूनच ओरडतात. मग मुलाखत सुरू होते. आवाज एकच 'टक' आला की टकटकटक? दिवे मंद झाले की पार विझले? शेवटची सुरू कधी झाली होती? उतरली ती एका रात्रीत की हळूहळू? या प्रश्नांना अर्थ आहे. झपाझप टकटक म्हणजे बॅटरीत जीव नाही; दिवे लख्ख असून एकच टक म्हणजे बॅटरी बिचारी निर्दोष, सेल्फकडे बघा. पण अकराचा मुहूर्त असलेल्या माणसाला यात रस नसतो. तो विचारतो, "काका, जंपर केबल आहे ना तुमच्याकडे?"

केबल असते. चांगली जाडजूड, तांब्याची असते. पण काका ती आधी काढत नाहीत. "जंप दिला की पुरावा नष्ट होतो," ते सांगतात. मुंजीला लोक रिक्षाने जातात.

काकांचं शास्त्र तीन प्रश्नांत बसतं: भरत नाही, धरत नाही की गळतेय? गच्चीवरची पाण्याची टाकी सकाळी रिकामी दिसली तर आपण पंप बघतो, टाकीला भेग आहे का बघतो आणि शेवटी कुणाच्या घरचा नळ उघडा आहे हे बघतो, तसंच. भरण्याचं काम डायनॅमोचं. त्याला आता अल्टरनेटर म्हणतात, पण काका आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक या एका बाबतीत जुन्या मताचे आहेत. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसले की पंप सुटला. धरण्याचं काम बॅटरीचं. पूर्ण भरून रात्रभर सोडलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२ दाखवली तर ती बहुतेक रिकामीच, मग वरच्या स्टिकरवर काही का छापलेलं असेना. या दोन्ही परीक्षा पास झाल्या की काकांचा चेहरा उजळतो. कारण आता उरतो तो चोर. गाडी बंद, किल्ली खिशात, आणि तरीही कुणीतरी करंट खातंय!

चोरांबद्दल सोसायटीत मतांचा तोटा नाही. पहिल्या मजल्यावरच्या बँकवाल्यांच्या गाडीने दर रविवारी मान टाकायला सुरुवात केली, तेव्हा सगळी मतं एकदम बाहेर आली. सेक्रेटरी म्हणाले, फास्टॅग खात असेल, चोवीस तास चालूच असतो तो. काकांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. फास्टॅगला ना वायर ना सेल. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरी आल्या की त्यांच्याच जोरावर तो क्षणभर बोलतो आणि गप्प होतो. "तुमच्यापेक्षा कमी खातो," काका म्हणाले. वॉचमनचा संशय पुढे टांगलेल्या लिंबू-मिरचीवर होता. इथे मात्र काका गंभीर झाले. लिंबात तांबं आणि जस्त खोचलं तर पाऊण-एक व्होल्ट मिळतो. म्हणजे लिंबू झालंच तर देणाऱ्यांत, खाणाऱ्यांत नाही. मेकॅनिक काही बोलला नाही. त्याने बॅटरी बदलून दिली. ती उतरली तेव्हा पुन्हा बदलून दिली.

"बदलून काय होणार?" काका कळवळले. सेल्फची बॅटरी एका दमात शे-दीडशे अँपिअर द्यायला बनवलेली, रोज तळ गाठायला नाही. जितक्या वेळा ती पार रिकामी होते, तितक्या वेळा आतल्या प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर घट्ट बसतो आणि आयुष्य घटतं. म्हणजे चोर पकडला नाही तर तिसरीही जाणार. बँकवाल्यांना ही भाषा समजली. बुडीत खात्यात पुन्हा पैसे घालण्याचा प्रकार त्यांच्या ओळखीचा होता.

तपास रविवारी सकाळी ठरला. दहाच्या पान्याने काकांनी मायनसचा नट सैल केला. आधी मायनसच, प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर जी ठिणगी उडते तिची गोष्ट ते ऐकवतातच. मग मायनस टर्मिनल आणि त्याची वायर यांच्या मध्ये मीटर जोडला, म्हणजे गाडी जे काही खाईल ते मीटरमधून मोजूनच खाईल. पुढचं दार उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबलं, म्हणजे फ्यूज बॉक्सपर्यंत हात जावा आणि गाडीला मात्र दार बंदच वाटावं. किल्ली लांब नेऊन ठेवली. मीटरवर दोनेक अँपिअर दिसले. बँकवाले म्हणाले, "सापडला!"

"कुठला सापडतोय? अजून गाडी झोपली नाही."

हल्लीच्या गाडीत पाच-सात छोटे कॉम्प्युटर असतात. किल्ली काढली तरी ते लगेच निजत नाहीत, अर्धा तास चुळबुळत राहतात. ते सगळे झोपले की मग जो आकडा उरतो तो खरा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ते घड्याळ, अलार्म, इमोबिलायझर यांचं न्याय्य मानधन. त्याच्या वरचं सगळं चोरीचं.

त्या अर्ध्या तासात काका ऐतिहासिक भागात शिरले. शिशाची ही बॅटरी १८५९ साली प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने काढली आणि अजून तीच चालली आहे, नुसता डबा बदलला. आधी गाड्या हँडल मारून सुरू व्हायच्या. हँडल उलटलं की मनगट मोडायचं. केटरिंग नावाच्या माणसाने १९१२च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ बसवला आणि मनगटं वाचली. "तेव्हा माणूस गाडी बंद पडली म्हणून रडत नव्हता, सुरू झाली म्हणून बँडेज बांधायचा." एवढं होईपर्यंत बँकवाल्यांचा धीर सुटला. "जरा बघतो तरी" म्हणून त्यांनी किल्ली आणून फिरवली. सेल्फने शंभरावर अँपिअर मागितले, मीटर दहाचा. आत 'फट्' झालं. काका काही बोलले नाहीत. वर जाऊन मीटरचा फ्यूज बदलून आले, किल्ली स्वतःच्या खिशातून काकूंकडे पाठवली, आणि अर्धा तास पहिल्यापासून सुरू केला.

झोपलेल्या गाडीने ०.४४ दाखवले. काकांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. त्यांनी लगेच हिशेब केला. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी, ०.४४चा खर्च, म्हणजे ८० तास. रविवारी रात्री नऊला गाडी लावली तर गुरुवारी पहाटे पाचला ठणठणाट. सेल्फ तर त्याच्या पुष्कळ आधी, मंगळवारीच हात टेकणार. "तुम्ही रविवारी बघता, म्हणून रविवारी उतरते असं वाटतं," काका म्हणाले. "ती तीन दिवस आधीच गेलेली असते."

मग फ्यूज एकेक उपसणं. म्युझिक सिस्टीमचा काढला, आकडा हलला नाही. वायपरचा काढला, नाही. आतल्या दिव्यांचा काढला आणि आकडा धाडकन २० मिलिअँपिअरवर आला. पण आतले दिवे तर विझलेले दिसत होते. काकांनी सावकाश मागे वळून डिकीकडे पाहिलं. डिकीत पाच वॉटचा दिवा असतो; बारा व्होल्टवर तो ०.४ अँपिअर खातो. डिकी उघडली की तो लागतो हे सगळ्यांना ठाऊक. बंद केल्यावर विझतो, हे कुणी पाहिलंय?

सेक्रेटरींचा मुलगा आत झोपायला तयार होता. काकांनी त्याला बाजूला सारून बँकवाल्यांचा मोबाइल मागितला, फ्यूज परत बसवला, व्हिडिओ चालू करून फोन डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. मिनिटभराने काढला. व्हिडिओ बघायला सगळी विंग गोळा झाली. पडद्यावर दिवा लख्ख जळत होता, अगदी शेवटपर्यंत. आणि त्यावर, बाहेरून आलेला पण स्पष्ट, बँकवाल्यांचा आवाज होता: "या म्हाताऱ्याला दुसरं काम नाही. त्यापेक्षा गाडी विकतो."

एक क्षण शांतता पसरली. मग काका म्हणाले, "आवाज सोडा, दिवा बघा." त्यांना खरोखरच दुसरं काही ऐकू आलं नव्हतं.

झालं होतं असं, की दिवाळीआधी डिकीत ठेवलेल्या तांदळाच्या पोत्याने दिव्याच्या बटणाची पट्टी वाकवली होती. बल्ब काढला, प्रश्न मिटला. दोन बॅटऱ्यांचा खून बोटभर बल्बने केला होता. लोक टाळ्या वाजवून पांगले. काका मात्र उतरलेल्या चेहऱ्याने मीटरच्या वायरी गुंडाळत बसले. गुन्हेगार सापडल्याचं दुःख त्यांना दर वेळी होतं, आणि इतका किरकोळ सापडल्याचं जास्त.

त्यांचा सुवर्णकाळ २०२० सालचा. मार्चअखेर देश घरी बसला आणि पार्किंगमधल्या झाडून सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. ५० मिलिअँपिअरच्या हिशेबाने ४५ची बॅटरी ९०० तासांत, म्हणजे सदतीस दिवसांत संपते, आणि सेल्फ मारण्याच्या लायकीची तर त्याच्या निम्मेही दिवस राहत नाही. वर एप्रिल-मेचा उकाडा. काकांनी नोटीस लावली: मायनस सोडवून ठेवा. लोकांनी त्याऐवजी रोज खाली येऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्याचा नेम धरला. नुसत्या उभ्या इंजिनावर पाच मिनिटांत फारसं काही भरत नाही, सलग अर्धा तास चालवा तर उपयोग, हे काका मास्कमधून सांगत राहिले. पण पाच मिनिटं खाली यायला मिळत होतं, हे लोकांचं कारण त्यांच्या मीटरमध्ये कधी दिसलं नाही.

त्यांची स्वतःची गाडी मात्र कधीही बंद पडत नाही. ते रोज रात्री तिचा मायनस सोडवतात. त्यामुळे सकाळी डॅशबोर्डवरचं घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं. "आमच्या गाडीचे कायम बारा वाजलेले," काकू सांगतात. त्या गाडीत बसत नाहीत. मायनस जोडून, टर्मिनलला व्हॅसलीन लावून, व्होल्टेज वहीत टिपून होईपर्यंत त्यांची भाजी आणून झालेली असते.

मध्यंतरी ए विंगमधल्या एका तरुणाने इलेक्ट्रिक गाडी घेतली. काकांना पेढा देताना तो म्हणाला, "आता सेल्फ नाही, डायनॅमो नाही. काका, तुमचं दुकान बंद!" काकांनी पेढा खाल्ला, पण चार दिवस ते पार्किंगमध्ये दिसले नाहीत. मग एका सकाळी त्या तरुणाला गाडीचं दार उघडेना. स्क्रीन काळा, चार्जिंगही घेईना. खाली तीनशेच्या वर व्होल्टची, रात्रीच शिगोशीग भरलेली बॅटरी, आणि गाडी मेलेली. बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचायला वेळ लागला नाही. काका दोन-दोन पायऱ्या उतरत आले. बोनेटमध्ये डोकावले आणि तिथे त्यांना ती दिसली: जुनी, ओळखीची, बारा व्होल्टची छोटी बॅटरी. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले याच धाकटीच्या हुकमाने जुळतात. ही झोपली की ती थोरली नुसती पोटात वीज घेऊन पडून राहते.

काकांनी मीटर लावला. ७.९. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

"काका, जंप देऊ या ना पटकन," तरुण काकुळतीला आला. "नऊला मीटिंग आहे."

"आठ-वीसची फास्ट मिळेल तुला," काका बोनेटमधून मान न काढता म्हणाले. "गाडीची किल्ली काकूंकडे देऊन जा."