शेळीचं चीज, लसूण आणि कोपऱ्यातला बर्नर

शेळीचं चीज आणि लसूण यांच्या पाककृती सांगणारे लोक एक गोष्ट न सांगता गृहीत धरतात, ती म्हणजे स्वयंपाकघरात तुम्ही एकटे आहात. मोबाइलवरच्या बाईंच्या मागे खिडकी असते, खिडकीत रोझमेरीची कुंडी असते आणि ओव्हन आधीच 200 अंशांवर तापलेला असतो. तो कोणी तापवला, हे बाई सांगत नाहीत. नॅशनल पेंट्सच्या कारखान्याच्या अलीकडे-पलीकडे नंबर टाकून वसवलेल्या शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, कंपनीच्या कॅम्पवर राहणाऱ्या मराठी माणसाला ही कृती जशीच्या तशी लागू होत नाही. त्याच्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शन.

आधी कायदा. कामगारांच्या निवासाचे निकष यूएईच्या मंत्रिमंडळाने 2009 साली ठरवून दिले. माणशी किमान 3 चौरस मीटर जागा हवी आणि झोपायच्या खोलीत स्वयंपाक नको. तेव्हा खाटेखाली हॉटप्लेट दडवून कामाला लागण्याचा विचार सोडावा. जे काय शिजवायचं ते सामायिक किचनमध्ये. तिथे एकूण बर्नर किती, याला महत्त्व नाही. त्यातला तुमचा कोणता, याला आहे. संध्याकाळी ड्युटीच्या बस आल्या की भातवाले, रोटीवाले आणि मासेवाले आपापल्या वंशपरंपरागत बर्नरवर जाऊन उभे राहतात. नवख्याच्या वाट्याला कोपऱ्यातला येतो, ज्याची ज्योत एकाच बाजूने जळते. तक्रार करू नये. शेळीच्या दुधाला मंद आच लागते आणि तो बर्नर जन्माचाच मंद आहे.

आता खरेदी. कॅम्पखालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, शेळीचं चीज मागू नये. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं बकालेवाल्याच्या तत्त्वात बसत नाही. तो त्रिकोणी तुकड्यांची गोल डबी काढून देईल आणि हे शेळीचंच, असं तीन भाषांत सांगेल. त्यापेक्षा ऑफच्या दिवशी मुवैलाकडच्या मोठ्या हायपरमार्केटात जावं आणि वेष्टन वाचायला वेळ ठेवावा. फेटा हे नाव युरोपीय संघाने 2002 पासून ग्रीसला राखून दिलं आहे. त्यातही मुख्य दूध मेंढीचं, शेळीचं फार तर 30 टक्के. सायप्रसचं हलूमी म्हणजे मेंढी, शेळी आणि बहुधा गाय यांचं आघाडी सरकार. कोणाच्या किती जागा, ते बारीक अक्षरांत दिलेलं असतं. अरबी वाचणाऱ्याला विचारलंत आणि तो ‘बकर’ म्हणाला, तर आनंदाने डबी उचलू नका. अरबीत बकर म्हणजे गाय. आपली शेळी ती ‘माइज’. सापडलेल्या चीजच्या किमतीला रुपयाच्या भावाने गुणू नये. असे गुणाकार करणारा माणूस गल्फमध्ये फक्त पाण्यावर राहतो आणि पाणीही बाटलीचं असलं तर अडखळतो.

ज्यांना गुणाकार केल्याशिवाय राहवत नाही, त्यांनी चीज घरी करावं. शेळीचं दूध एक लिटर, दोन मोठी लिंबं, मीठ आणि पंचा. पंचा नवा असावा. हे मुद्दाम लिहावं लागतं. दूध 85 अंशांपर्यंत तापवायचं. थर्मामीटर नसेल तर कडेने बारीक बुडबुडे धरले, वाफ निघू लागली, पण उकळी फुटली नाही, की ज्योत बंद. मग लिंबाचा रस चमच्याचमच्याने घालून पाच-दहा मिनिटं हात न लावता थांबावं. गाईच्या दुधातलं एक केसीन शेळीच्या दुधात बरंच कमी असतं, म्हणून दाणा बारीक आणि लुसलुशीत पडतो. पनीरसारखा घट्ट गोळा येईल या आशेने जो खळखळा उकळत बसतो, त्याला शेवटी खरखरीत रवा मिळतो आणि मागच्या रांगेतल्यांची बोलणीही.

यानंतरचा प्रश्न फक्त आपल्यालाच पडतो, फ्रेंचांना पडलेला नाही: टांगायचं कुठे? वरच्या खाटेच्या लोखंडी दांडीला पुरचुंडी बांधण्याचा मोह होईल. खालच्या खाटेवर रात्रपाळीवाला झोपलेला असतो आणि पुरचुंडी ठिबकत असते. शिवाय झोपायच्या खोलीत स्वयंपाक नको म्हटल्यावर टांगणं हे स्वयंपाकात मोडतं की वाळवणात, यावर कॅम्प बॉसचं आणि आपलं एकमत होणार नाही. बाहेरच्या व्हरांड्याचं तर नावच नको. ज्या उन्हात 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन माणसाला उघड्यावर कामाला लावायची सरकारने बंदी केली आहे, त्या उन्हात दुधाला ड्युटी लावणं बरं नव्हे. चाळणी, खाली पातेलं आणि फ्रिजचा तळचा कप्पा. खाली साचलेलं आंबूस पाणी फेकू नये. बेसन लावलं की त्याची कढी होते.

मोबाइलवरच्या बाईंच्या मूळ फ्रेंच कृतीत इथे अर्धा पेला पांढरी वाइन येते. शारजात दारूबंदी आहे. बाकीच्या अमिराती काय करतात, त्याच्याशी आपल्या कृतीला कर्तव्य नाही. वाइनच्या जागी लूमी घ्यावी, म्हणजे वाळवून काळं पडलेलं लिंबू. फोडून, बिया काढून, चिमूटभर पूड. वर्ध्याकडच्या माणसाला हा बदल अजिबात जड जात नाही. तोही दारूबंदीच्या जिल्ह्यातला, आणि त्याच्या सेवाग्रामात गांधीजी शेळीचं दूध घेत आणि रक्तदाबावर लसूणही खात. निर्मद्य प्रदेश, शेळी आणि लसूण या त्रयीला असा भक्कम आधार असताना आपण उगाच फ्रान्सकडे बघत बसतो. चीज तेवढं करायचं राहिलं होतं.

लसूण इथे बहुतेक चीनचा मिळतो. जगात सर्वांत जास्त लसूण पिकवणारा देशच तो. गड्डा पांढराशुभ्र, पाकळी टपोरी, सोलायला सोपी आणि स्वभावाने सज्जन. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने काढलेले भीमा ओंकार, भीमा पर्पल हे वाण बकाल्यापर्यंत पोचत नाहीत. गावठी लसणाची जुडी सुट्टीहून परतणाऱ्याच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी येते. ती चीजमध्ये घालवू नये, चटणीसाठी राखावी.

लसणाचं रसायन या कॅम्पवर प्रत्येकाने समजून घ्यायला हवं. पाकळी अख्खी असते तोवर वास जवळजवळ नसतो. ठेचली की आतल्या वेगवेगळ्या कप्प्यांतली द्रव्यं एकमेकांना भेटतात आणि अलिसिन तयार होतं; तो उग्र दर्प त्याचा. त्यामुळे रात्री अकराला लसूण ठेचणाऱ्याला सबंध मजल्यापुढे जाब द्यावा लागतो, आणि अख्खी गड्डी शिजवणाऱ्याला कोणी विचारतसुद्धा नाही. सुदैवाने शेळीच्या चीजला हा दुसराच लसूण शोभतो: सालासकट मंद शिजलेला, गोडसर, दाबला की सालीतून बाहेर येणारा. याला ओव्हनमध्ये चाळीसेक मिनिटं लागतात. ओव्हन नाही. आणि सामायिक किचनमध्ये एका गड्डीसाठी चाळीस मिनिटं बर्नर अडवणारा माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्या खोलीत दिसतो.

यावर उपाय म्हणजे दुसऱ्याचं पातेलं. बर्नरच्या दोन घरं पलीकडे लाहोरी चाचा ऑफच्या आदल्या रात्री पुलावासाठी यखनी चढवतात. त्यात मटण, कांदा, बडीशेप, धणे आणि लसणाच्या अख्ख्या गड्ड्या सालासकट पडतात. पातेलं तासभर हलत नाही. आपली गड्डी त्यात गेली पाहिजे. मात्र परवानगी सरळ मागायची नाही. ‘चाचा, लहसुन कम लग रहा है’ हे वाक्य तर मुळीच उच्चारू नये. त्याचे परिणाम ईदपर्यंत टिकतात. आधी कमरेच्या दुखण्याची चौकशी करावी. मग न सांगता त्यांच्या कांद्यांसमोर बसून ते सोलायला घ्यावेत. निम्मे कांदे झाल्यावर चाचा विचारतील, ‘तू आज क्या पका रहा है, बेटा?’ आता खोल श्वास घेऊन खरं सांगावं. बकरीच्या दुधाचं पनीर ऐकल्यावर चाचा थोडा वेळ गप्प राहतील, त्यांच्या गावाकडची एखादी बकरी आठवतील, आणि म्हणतील, ‘डाल दे, इसी में डाल दे.’ आपल्या गड्डीला आधीच पांढरा दोरा बांधून ठेवावा, म्हणजे काढताना मालकीचा वाद होत नाही.

शाकाहारी वाचकांनी निराश होऊ नये. मल्याळी चेट्टांचा मट्टा तांदूळ भरपूर पाण्यात खदखदत जवळपास तेवढाच वेळ घेतो आणि पाणी नंतर ओतून टाकतात. गड्डी तिथेही सुखाने शिजते. कांद्यांऐवजी इथे खोबरं खवून द्यावं लागतं.

पुढचं काम दोन मिनिटांचं आहे. मऊ लसूण सालीतून पिळून काढावा, चीजमध्ये बोटाने मिसळावा, मीठ, मिरपूड, लूमी, वर तेलाचे चार थेंब. चीज तव्यावर वितळवायचा प्रयत्न करू नये. लिंबाने फाडलेलं चीज कितीही तापवलं तरी वितळत नाही, नुसतं रुसतं. तेल ऑलिव्हचंच हवं असा हट्ट नको, शेंगदाण्याचं चालतं आणि मला विचाराल तर जास्त चांगलं लागतं. भाकरीची इच्छा होईल. धनंजय दातारांच्या अल अदील दुकानांत ज्वारीचं पीठ मिळतंही. पण रात्रपाळीवाले झोपलेले असताना परातीत भाकरी थापणं म्हणजे आपला पत्ता स्वतःहून जाहीर करणं. कोपऱ्यावरच्या पठाणाच्या तंदूरमधून गरम रोटी आणावी. पहिला तुकडा चाचांना, दुसरा चेट्टांना. तिसरा आपला, उरला तर.

साठवण. उरलेला लसूण तेलात बुडवून खिडकीत ठेवण्याची टूम हल्ली फार दिसते. ती करू नये, हे थट्टा बाजूला ठेवून सांगतो: हवाबंद तेलात, बाहेरच्या उष्णतेत बोट्युलिझमचे जंतू वाढतात, आणि त्यांना ना वास असतो ना चव. फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा. चीजचा धोका वेगळा आहे. विकतच्या काही चीजवर पांढरी बुरशी मुद्दाम धरवलेली असते. स्वच्छतेची आवड असलेला रूममेट ती बघतो आणि अख्खा तुकडा कचऱ्यात टाकतो. ज्याला ती आवड नसते, तो खातो. दोघांपासून रक्षण व्हावं म्हणून डबीवर ठळक अक्षरांत ‘बवासीर की दवा’ असं लिहावं. मजल्यावर कोणी खरोखर त्या दुखण्याचा निघाला आणि ओशाळत चमचाभर मागू लागला, तर द्यावी, अनशापोटी घ्यायला सांगावं, आणि त्याच रात्री डबीवरचा रोग बदलावा.